बसून वापरायचं लाँगआर्म मशीन घ्यायचंय? आधी घरातली सगळ्यात जड क्विल्ट उचला

लाँगआर्म म्हणजे क्विल्टवर (गोधडीवर) टाके घालायचं लांब हाताचं शिलाई मशीन. ते म्हटलं की खोलीभर लांब फ्रेम डोळ्यासमोर येते, क्विल्ट रोलरवर ताणलेली आणि मशीन रुळावर इकडून तिकडे फिरतंय. बसून वापरायचं लाँगआर्म याच्या बरोबर उलटं. मशीन टेबलात एका जागी पक्कं बसवलेलं आणि कापड आपण हाताने फिरवायचं. म्हणजे फ्रेमवर जे वजन रोलर पेलतात ते इथे तुमचे खांदे पेलणार, आणि मशीन निवडताना निम्म्याहून जास्त गोष्टी याच एका मुद्द्यावर येऊन थांबतात.

पहिला प्रश्न स्वतःलाच विचारा, फ्री मोशन, म्हणजे कापड हाताने हवं तसं फिरवत टाके घालणं, मनापासून आवडतं का? कारण या मशीन्सना बहुतेक करून खालचे दाते नसतातच, कापड पुढे सरकवायला काहीच नाही, टाका फक्त सरळ. तुकडे जोडायचं, कडेची पट्टी लावायची ही कामं आपल्या नेहमीच्या मशीनवरच करावी लागतात, त्यामुळे जुनं विकून त्या पैशात भर घालू असा हिशोब मनात असेल तर तो आत्ताच सोडा. आणि फ्री मोशनचा सरावच नसेल तर आहे त्या मशीनचे दाते खाली करून महिनाभर रोज थोडं थोडं करून बघा, कंटाळा आला तर एवढा मोठा खर्च वाचला म्हणायचं.

आता थ्रोट, म्हणजे सुईपासून मशीनच्या मागच्या खांबापर्यंतची मोकळी जागा. घरच्या मशीनला साधारण ६ ते ९ इंच असते, बसायच्या लाँगआर्मला १५ ते २०. हिशोब करून बघा. १०० इंचाची क्विल्ट आहे, मधोमध टाके घालताना निम्मी म्हणजे ५० इंच गोधडी त्या जागेत कोंबायची, गुंडाळी केली तरी ५ इंच जाड होते. ८ इंचाच्या मशीनमध्ये हात फिरवायला उरले ३ इंच, १६ मध्ये ११ आणि २० मध्ये १५. ३ वरून ११ ही उडी हातालाच कळते, ११ वरून १५ मात्र तेवढी जाणवत नाही, आणि जसा हात लांब तसं मशीनही जड आणि टेबलही खोल. पलंगाच्या मापाच्या क्विल्ट करणाऱ्या बहुतेकांना १६ ते १८ पुरतात असं माझं मत. २० घेतलंत तर वाईट नाही, पण त्या ४ इंचांसाठी कर्ज काढू नका.

मशीनचं तोंड कुठे आहे तेही बघा. नेहमीच्या मशीनला हात उजवीकडे आडवा असतो, इथे बऱ्याच मशीन्सना तो आपल्यापासून सरळ मागे जातो, सुई अगदी समोर आणि डावी-उजवी दोन्ही बाजू मोकळ्या. हँडी क्विल्टरचं स्वीट सिक्स्टीन, बर्निनाचं क्यू २०, एपीक्यूएसचं जॉर्ज हे सगळे असे समोर तोंड असलेले (पहिल्या दोघांच्या तर नावातच थ्रोटचे इंच आहेत). सुरुवातीला दोन-तीन दिवस डोकं गोंधळतं, नंतर छान वाटतं.

इथे माझी फजिती सांगते. दुकानात ट्रायलला मला रुमालाएवढा नमुना दिला, आत भरण पातळ, ताणून इस्त्री केलेला. पाच मिनिटांत मी पानं-फुलं काढायला लागले, वाटलं आपण जन्मजात कलाकार. घरी पहिली मोठी क्विल्ट घातली आणि तिचं टोक टेबलावरून खाली लोंबकळलं, प्रत्येक वळणाला हिसका, वळणं टोकदार आणि मागच्या बाजूला दोऱ्याची झालर. मशीनचा काही दोष नव्हता, खाली लोंबणारं वजन कापड मागे ओढत होतं. म्हणून ट्रायलला जाताना आपली स्वतःची मोठी, टाचून तयार केलेली क्विल्ट घेऊन जा, दुकानदाराने तोंड वाकडं केलं तरी चालेल. मधोमध गोल काढा, आधी डावीकडून मग उजवीकडून, आणि लगेच उलटी करून मागचे टाके बघा.

टेबल मशीनइतकंच महत्त्वाचं आहे आणि त्याच्याकडे कुणी बघतच नाही. मशीनची पाटी आणि टेबल एका पातळीत हवं, मध्ये बोटाला कड लागली तर कापडही तिथेच अडकणार. बसल्यावर कोपर साधारण काटकोनात आणि खांदे सैल राहायला हवेत, उंची कमीजास्त करता येणारं टेबल मिळालं तर उत्तमच. डावीकडे आणि मागे क्विल्ट पसरायला जागा लागते, जोडपाट मिळत नसेल तर त्याच उंचीचं दुसरं टेबल लावलं तरी भागतं. घरात कोपरा मोजताना हे सगळं धरून मोजा, नुसत्या मशीनचं माप घेऊन फसू नका.

स्टिच रेग्युलेटर घ्यावा का यावर लोक वाद घालतात. तो काय करतो, तुम्ही कापड किती वेगाने सरकवताय ते सेन्सरने ओळखून सुईचा वेग त्याप्रमाणे कमीजास्त करतो, टाके एकसारखे येतात. त्याच्याशिवाय साधं गणित असं, मिनिटाला ६०० टाके म्हणजे सेकंदाला १०, आणि इंचाला १० टाके हवे असतील तर हाताने सेकंदाला बरोबर १ इंच सरकायचं. १५०० ला तेच अडीच इंच होतं, म्हणून जाहिरातीतल्या कमाल वेगाच्या आकड्याला भुलू नका, हात तेवढा सरळ चालतो का कुणाचा? ज्यांचा हात बसलाय ते रेग्युलेटरशिवाय मजेत काम करतात, नवीन माणसाला त्याने धीर येतो. काही मशीन्समध्ये सेन्सर खाली पाटीत असतो, तिथे कापड सरकायला गुळगुळीत शीट अंथरायची असेल तर ती सेन्सरवर येता कामा नये.

बाकीचं पटकन सांगते. बॉबिन मोठी असलेलं बरं, एम साइजच्या बॉबिनमध्ये दोरा बराच जास्त मावतो, आणि मशीन वेगात आलं की खालचा दोरा बघता बघता संपतो. ती बदलायला हात सहज पोचतो का ते बसून बघा, टेबलाखाली डोकं घालावं लागत असेल तर आठ दिवसांत वैताग येतो. सुई बऱ्याचदा गोल दांड्याची असते, घरच्या मशीनसारखी एका बाजूने चपटी नसते, म्हणजे ती उलटी-तिरकी बसू शकते आणि मग टाके सुटतात, नवीन लोकांच्या निम्म्या तक्रारींचं मूळ इथेच सापडतं. रूलर, म्हणजे टाक्याला आकार द्यायला कापडावर ठेवायच्या पट्ट्या, वापरायचे असतील तर त्यांच्या कडेने चालणारा दाबपाय, रूलर फूट, मिळतो का ते विचारा आणि रूलर पाव इंच जाडीचेच घ्या, पातळ रूलरवर फूट चढला की सुई गेलीच.

आणि हो, फ्रेम नाही म्हणजे वरचा थर, भरण आणि अस्तर आधी टाचण्यांनी किंवा चिकटवायच्या स्प्रेने पक्कं टाचून घ्यावं लागतं, त्यातून सुटका नाही. पुढेमागे फ्रेमवर जायचा विचार असेल तर तेच मशीन फ्रेमवर चढतं का ते घ्यायच्या आधी विचारा, क्यू २० चढतं, सगळी चढत नाहीत.

जुनं घेत असाल तर विकणाऱ्याला आधी मशीन चालू करून ठेवू नका म्हणून सांगा. गार मशीन तुमच्यासमोर सुरू होऊ दे, कान देऊन आवाज ऐका, मग जाड शिवणींवरून सावकाश आणि वेगात दोन्ही प्रकारे चालवून बघा. तिथे टाके सुटायला लागले आणि नवीन सुई नीट बसवूनही सुटतच राहिले, तर बहुधा टायमिंग, म्हणजे सुई आणि खालच्या हुकाचा मेळ, बिघडलंय, तो खर्च किमतीतून वजा करूनच बोला.