नागपुरात टोमॅटोचा नवा वाण लावून पाहताय? आधी या चुका टाळा

नवा वाण लावून पाहायचा म्हणजे त्याला आपल्या नेहमीच्या वाणाशेजारी, त्याच मातीत, त्याच उन्हात उभा करायचा. ही बरोबरी नसेल तर फेब्रुवारीत आपण देतो तो निकाल वाणाचा नसतो. तो कुंडीचा असतो, पेरणीच्या तारखेचा असतो, नाहीतर गच्चीवरच्या टाकीच्या सावलीचा असतो. नागपुरातल्या घरोघरच्या बागांत चांगले वाण असे नाहक नापास होतात आणि पुढच्या वर्षी त्यांच्या वाट्याला कुंडीच येत नाही. याचं वाईट वाटतं, कारण यातल्या बहुतेक चुका टाळणं आपल्याच हातात असतं.

सगळ्यात महाग पडणारी चूक: उशिरा पेरणी

हौशी माणूस दिवाळीच्या सुट्टीत बी मागवतो, नोव्हेंबरच्या मध्यावर पेरतो आणि पाकिटावर ‘८० दिवस’ वाचून फेब्रुवारीची वाट पाहतो. पण पाकिटावरचे दिवस बहुधा रोप लावल्यापासून मोजलेले असतात. त्यात रोपवाटिकेतले २५ ते ३० दिवस मिळवा. म्हणजे पहिलं फळ पिकायला मार्च उजाडतो, आणि मार्चमध्ये नागपूर तापू लागलेलं असतं.

दिवसाचा पारा ३५ अंशांच्या वर गेला, किंवा रात्रीचा २२-२३ च्या खाली उतरेना, की टोमॅटोचे पराग नीट तयार होत नाहीत. फूल उमलतं, दोन-तीन दिवस टिकतं आणि गळून पडतं. गळलेलं फूल हातात घेऊन पाहा. ते देठाच्या मधल्या गाठीपाशी पिवळं पडून अगदी स्वच्छ तुटलेलं असतं, जणू कुणी नखानं खुडलंय. उन्हाच्या झळा लागलेल्या झाडावर आणखी एक खूण दिसते. फुलाच्या मधल्या पिवळ्या शंकूतून बारीक हिरवी काडी बाहेर डोकावते. ते स्त्रीकेसराचं टोक. एरवी ते शंकूच्या आतच असतं आणि तिथेच त्यावर पराग पडतात. बाहेर आलं की परागसिंचन हुकतं. उशिरा लावलेल्या झाडाला मार्चनंतर कितीही खत घाला, फळधारणा वाढत नाही. उलट नत्र जास्त झालं तर पाला माजतो.

म्हणून चाचणीचं बी गणपतीच्या दिवसांत पेरावं. घटस्थापना ते दसरा या काळात रोपं कुंडीत जातात, डिसेंबरअखेर पहिली फळं मिळतात आणि झाडाला पुढे दोन-अडीच महिने आपला गुण दाखवायला मिळतात. गणपतीत पाऊस असतो, हे खरं. ट्रे आडोशाला ठेवा, पाणी बेतानं द्या. नाहीतर रोपं बुंध्याशी काळी पडून कोलमडतात आणि चाचणी सुरू होण्याआधीच संपते.

तुलनेला ओळखीचं झाड नसणं

तीन नवे वाण लावले, तिन्हींना कमी फळं लागली. आता दोष कुणाचा? वर्षच वाईट होतं की वाण वाईट होते? शेजारी ओळखीचं एक झाड असल्याशिवाय याचं उत्तर मिळत नाही. पुसा रुबी हा जुना, चपटसर, धारा असलेला आंबट वाण या कामाला उत्तम. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा धनश्रीही चालेल. गावाकडून आलेल्या गावरान भेदराचं (टोमॅटोचं) बी घरात असेल तर तेच लावा, त्याची सवय तुम्हाला आधीच माहीत असते. ओळखीच्या झाडाची फुलंही गळाली असतील, तर नव्या वाणाला शिक्षा करू नका.

दहा वाण, एकेक रोप

बियांची पाकिटं पाहिली की हात आवरत नाही, हे समजण्यासारखं आहे. पण एका झाडावरून वाण कळत नाही. एका रोपाच्या मुळाशी हुमणी (मुळं खाणारी अळी) लागते, एखाद्यावर पांढरी माशी आधी बसते, एखादं लावतानाच दुखावतं. साधारण बारा कुंड्यांची जागा असेल तर तीन नवे वाण आणि एक ओळखीचा, प्रत्येकाची तीन रोपं, एवढंच करा. तिन्ही रोपं एका रांगेत ठेवू नका, गच्चीभर विखरून ठेवा. पश्चिमेच्या भिंतीलगतची कुंडी आणि मधली कुंडी यांच्या उन्हात केवढा फरक असतो, तो दुपारी तीन वाजता भिंतीला हात लावला की कळतो.

कुंड्या सारख्या मापाच्या हव्यात. वीस लिटरच्या पेंटच्या रिकाम्या बादल्या घासून धुऊन, तळाला भोकं पाडून घेतल्या की काम होतं. एक वाण मोठ्या ड्रममध्ये आणि दुसरा दहा इंची कुंडीत ठेवला, तर तुम्ही भांड्यांची चाचणी घेताय. मातीही एकदाच, एकाच ढिगात मिसळा आणि मग भरा. आपली काळी माती नुसती भरली तर पाण्यानं चिकट होते आणि वाळली की भेगाळते, मुळांना हवा मिळत नाही. तिच्यात चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत सढळ हातानं आणि थोडं कोकोपीट मिसळा. कुंड्या थेट स्लॅबवर न ठेवता विटांवर ठेवा.

झुडपी वाण आणि वेलीसारखे उंच वाढणारे वाण यांची थेट तुलना करू नका, ही सूचना बरेच जण वाचतात आणि विसरतात. झुडपी वाणाची बहुतेक फळं थोड्या आठवड्यांत पिकून जातात, उंच वाण सावकाश देत राहतो. जानेवारीत मोजलं तर पहिला जिंकतो, मार्चमध्ये मोजलं तर दुसरा. आणि झुडपी वाणाची बगलफूट (पानाच्या बेचक्यातून निघणारे फुटवे) उंच वाणासारखी खुडून टाकली, तर त्याची फळं आपणच कमी करतो.

पुसली जाणारी नावं

मार्करनं लिहिलेली पट्टी नागपूरच्या उन्हात संक्रांतीपर्यंत कोरी होते. दह्याच्या डब्याच्या पट्ट्या कापा, साध्या पेन्सिलीनं लिहा आणि पट्टी अर्धी मातीत खोचा. पेन्सिल टिकते. शिवाय वहीत कुंड्यांचा नकाशा काढून ठेवा, कारण घरातलं लहान मूल किंवा माकडं पट्ट्या उपटतात.

दोष वाणाचा की आपला?

चाचणीत सगळ्यात जास्त अन्याय इथे होतो.

फळाच्या बुडाला काळा, दबलेला, चामड्यासारखा डाग पडला की लोक रोग समजून बुरशीनाशक फवारतात. हा रोग नाही. फळाच्या टोकापर्यंत कॅल्शियम पोचलं नाही, आणि ते पाण्याबरोबरच जातं. एक दिवस कुंडी कोरडी, दुसऱ्या दिवशी तुडुंब, असं झालं की हा डाग येतो. विदर्भाच्या काळ्या मातीत चुना सहसा भरपूर असतो, त्यामुळे अंड्याची टरफलं टाकून लगेच फरक पडत नाही. पाणी नेमानं द्या, मातीवर पालापाचोळ्याचं आच्छादन घाला. लांबट फळांच्या वाणांना हा त्रास जास्त होतो. म्हणून लांबट वाणाची पहिली दोन-तीन फळं अशी निघाली तर ती काढून टाका आणि पुढच्या घोसाकडे पाहा.

पानं वळणं, यातही दोन प्रकार आहेत. खालची जुनी पानं पन्हाळीसारखी वर वळली, जाडसर झाली, पण शेंडा हिरवागार वाढतोय, तर झाड ऊन-पाण्याचा ताण सोसतंय. घाबरू नका. शेंड्याचीच पानं बारीक, पिवळट, चुरगळलेली येत असतील आणि झाड खुजं राहिलं असेल, तर तो पर्णगुच्छ. हा विषाणू पांढरी माशी पसरवते. तो झालेल्या झाडाला औषध नाही. झाड उपटून पिशवीत बांधून टाका. रोपं लहान असतानाच ट्रेवर बारीक जाळीची मच्छरदाणी घालणं हाच खरा बचाव. इथे मात्र वाणाचा गुण खरोखर दिसतो. बंगळुरूच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेचा अर्का रक्षक हा संकरित वाण पर्णगुच्छ, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिन्हींना प्रतिकारक म्हणून काढलेला आहे. त्याच्या शेजारी ब्रँडीवाइन किंवा चेरोकी पर्पलसारखे परदेशी जुने वाण उभे केले, तर या रोगांपुढे त्यांचा टिकाव लागणं अवघड. ते चवीसाठी जपलेले वाण आहेत. त्यांच्याकडून उत्पन्नाची अपेक्षा धरून मग नावं ठेवणं बरोबर नाही.

फळ तडकणं अर्धं पाण्याचं, अर्धं वाणाचं. सगळ्याच झाडांवर फळं तडकली तर पाणी पाहा. एकाच वाणाच्या तिन्ही झाडांवर तडकली तर त्याची साल नाजूक आहे, तसं बिनधास्त लिहा. मोठ्या फळांवर सुरकुत्या, चिरा, वेडावाकडा तळ दिसला तर फूल उमललं तेव्हाच्या थंडीची आठवण काढा. डिसेंबर-जानेवारीत इथला पारा कधीकधी दहाच्याही खाली जातो आणि मोठ्या फळांच्या वाणांची फुलं तेव्हा बिघडतात. मार्चअखेरची फळं लाल न होता पिवळट-केशरी राहिली, तर तोही उन्हाचाच परिणाम. तीसच्या वर गेलेल्या उष्णतेत टोमॅटोचा लाल रंग धरत नाही. अशी फळं रंग फिरायला लागताच तोडून घरात सावलीत पिकवा, फरक दिसेल.

चवीचा निकाल घाईत लावणं

पहिल्या घोसाची चव धरू नका. दुसऱ्या-तिसऱ्या घोसाची, एकाच दिवशी तोडलेली, सारखी पिकलेली फळं घ्या. फ्रिजमध्ये ठेवू नका, गारठ्यानं टोमॅटोचा वास मरतो. फोडी करून ताटलीत नंबर घालून मांडा आणि वाणांची नावं न सांगता घरातल्या सगळ्यांना द्या. मीठ नंतर. आणि नुसतं कच्चं खाऊन थांबू नका. आपल्याकडे टोमॅटो बहुतेक फोडणीत जातो, सांबार (कोथिंबीर) घालून चटणीत जातो. पातळ, रसाळ, गोड फळ कोशिंबिरीत बाजी मारतं आणि रश्श्यात पाणी सोडतं. आंबट, गराचं फळ नेमकं उलटं. दोन्ही निकाल वेगवेगळे लिहा.

वजनही नोंदवा. स्वयंपाकघरातला छोटा काटा पुरतो. तारीख, कुंडी नंबर, फळं किती, ग्रॅम किती. ‘खूप लागली’ हे तीन महिन्यांनी आठवत नाही.

बी धरताना

आवडलेला वाण संकरित असेल तर त्याचं बी धरून उपयोग नाही. पुढच्या पिढीत झाडं वेगवेगळी निघतात. पाकिटावर ‘एफ १’ (म्हणजे संकरित) लिहिलंय का ते फेकण्याआधी पाहा. सुधारित किंवा गावरान वाण असेल तर पूर्ण पिकलेलं फळ निरोगी झाडावरूनच निवडा, आणि एका झाडाऐवजी तिन्ही झाडांवरून घ्या. गर आणि बी काचेच्या ग्लासात दोन-तीन दिवस आंबू द्या. वर पांढरट साय धरली आणि बियांभोवतीचा बुळबुळीतपणा गेला की धुऊन घ्या. बी चिनीमातीच्या बशीवर सावलीत वाळवा, कागदावर चिकटून बसतं. मे महिन्यात घरातल्या कपाटातसुद्धा उष्णता शिरते, म्हणून कागदी पुडी हवाबंद बाटलीत घालून बाटली फ्रिजच्या दारात ठेवा. पुडीवर वाणाचं नाव, साल आणि कुंडी नंबर लिहा. कोरडं ठेवलेलं टोमॅटोचं बी चार वर्षं सहज उगवतं, म्हणजे निकालाबद्दल मनात शंका उरली तर तोच वाण पुढच्या गणपतीत पुन्हा लावून पाहता येतो.