अँकर बोल्ट काँक्रीटवर किती बाहेर हवा? ओतण्याआधीच बेरीज करा

काँक्रीट घट्ट झाल्यावर कळतं की त्यात रोवलेला, वरचा खांब धरून ठेवणारा अँकर बोल्ट आखूड राहिला आणि नट पूर्ण बसत नाही. ड्रॉइंगवर 'प्रोजेक्शन', म्हणजे बोल्ट किती बाहेर, ते लिहिलेलं असतं, पण तो आकडा बेसप्लेटच्या (खांबाच्या तळाच्या पोलादी प्लेटच्या) तपशिलाशी जुळतो का हे क्वचितच कोणी ताडून पाहतं. दोन्ही शीट शेजारी ठेवा आणि खालून वर बेरीज करत जा.

उदाहरणार्थ, एम २४ (२४ मिमी व्यासाच्या) बोल्टसाठी:

१. ग्राउट (काँक्रीट आणि प्लेटमध्ये भरायचा मसाला) ४० मिमी
२. बेसप्लेट २५ मिमी
३. वॉशर ४ मिमी
४. नट आणि लॉकनट (तो सैल होऊ नये म्हणून वर दुसरा), प्रत्येकी साधारण २२ मिमी
५. वर दोन-तीन आटे मोकळे, म्हणजे ९ मिमी

एकूण १२२, म्हणजे १२५ तरी हवेतच. प्लेटखाली लेव्हलिंग नट (प्लेट समतल करण्यासाठी) असेल तर तो ग्राउटच्या जाडीतच मावतो, बेरीज वाढत नाही. मात्र आटे तिथपर्यंत खाली हवेत, म्हणून आट्यांची लांबीही बघा. ही नेमकी सुटते.

हातासरशी बोल्टांच्या चौकोनाचा कर्णही काढून शीटवर लिहून ठेवा. ३०० बाय ३०० असेल तर ४२४ मिमी. टेम्प्लेट (बोल्ट जागेवर धरणारा साचा) तिरकं झालं असेल तर बाजू बरोबर येतात, कर्ण येत नाहीत. दोन्ही कर्ण मोजा.

एक सांभाळा: प्रोजेक्शन कुठल्या पातळीपासून दिलंय, काँक्रीटच्या माथ्यापासून की ग्राउटच्या, ते टिपांमध्ये शोधा. स्पष्ट नसेल तर अंदाज न करता डिझायनरकडून लेखी घ्या.