कारिवणा कुंडीत लावताना

विहिरीच्या कडेला, माडाच्या आळ्यात आपसूक पसरणारा कारिवणा (कुणी याला ब्राह्मीही म्हणतं) कोथिंबीर-गाजराच्या कुळातला. बी शोधत बसू नका. जमिनीसरपट धावणाऱ्या दोऱ्याला पेरापाशी पांढरी मुळं फुटलेली दिसतील. तिथला दोन-तीन पेरांचा तुकडा कापून आणा आणि पेर मातीत दाबा. खोल कुंडी वाया जाते, पसरट घमेलं बरं. तळाला भोकं मात्र हवीत.

जागा अर्ध्या सावलीची, माती कायम ओलसर. एप्रिल-मेमध्ये दोन वेळा पाणी, नाहीतर पानांच्या कडा करपतात. देठ लांबुडके होऊन पानं बारीक राहिली तर ऊन कमी पडतंय.

चटणीसाठी पानं देठासकट खुडा, दोरे ओढू नका. गटाराकाठचा कारिवणा कितीही टवटवीत दिसला तरी ताटात नको.