वळवाने सायकलवर गाठलं तर

पुण्यात हिंजवडी ते कोथरूड सायकलने ये-जा करायला लागून मला नऊ वर्षं झाली. एप्रिल-मेमध्ये दोन-तीनदा तरी वळीव मला वाटेत गाठतोच. रेनकोट, मागचा लाल दिवा, मोबाइलला प्लास्टिकची पिशवी हे तुमच्याकडे आहे असं धरून चालते. फक्त पाँचो, म्हणजे डोक्यातून घालायचा झुलीसारखा सैल रेनकोट, असेल तर तो बॅगेतच राहू द्या. वाऱ्यात त्याचं शीड होतं आणि खालचं टोक चाकात जातं. मे महिन्यात भिजल्याने कुणाचं काही बिघडत नाही. पडणारी फांदी, उडणारा पत्रा आणि वीज, भीती या तिघांची.

निघण्याआधी आभाळ बघा आणि विजांची सूचना देणारं 'दामिनी' अ‍ॅप उघडा. आपल्या पाषाणच्या हवामान संस्थेतच ते तयार झालंय. आसपास विजा पडत असतील तर ऑफिसात आणखी एक चहा घ्या.

वाटेत असाल तर पहिली खूण अंगालाच कळते. दिवसभर जीव नकोसा करणारा उकाडा असतो आणि अचानक गार झुळूक येते. लोक इथे सुखावतात आणि इथेच फसतात. उंच ढगातून पावसाबरोबर गार हवा खाली कोसळते, जमिनीवर आपटून चहूकडे पसरते आणि पावसाच्या आधी तुमच्यापर्यंत पोचते. म्हणजे गार वारा आणि समोरून धुळीची भिंत दिसली, की हाताशी मोजकी मिनिटं उरली. तेव्हा जोर लावून घर गाठायचं नाही, थांबायचं ठिकाण गाठायचं. आडवा वारा हँडल ओढायला लागला की खाली उतरा आणि सायकल हाताने न्या. त्यात कसला आलाय कमीपणा!

विजेचा हिशोब सोपा आहे. चमकल्यापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजा आणि तिनाने भागा, तेवढे किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर रस्त्यावर राहू नका. आणि 'टायर रबराचे आहेत, काही होत नाही' हे पुन्हा कुणी सांगितलं तर मी खरंच भांडेन. कित्येक किलोमीटर हवा फोडून आलेली वीज बोटभर रबराला काय जुमानणार?

आता खरी अडचण, आडोसा कुठला घ्यायचा. पहिली तीन-चार वर्षं हे मला अजिबात जमलं नाही. थेंब पडले की दिसेल त्या झाडाखाली उभी राहायचे. एकदा बाणेरला गुलमोहराखाली सायकल लावली आणि पाणी प्यायला दोन पावलं बाजूला झाले, तेवढ्यात मांडीएवढी फांदी सायकलच्या कॅरियरवर आली. चाकाचा पार द्रोण झाला. गुलमोहराचं लाकूड ठिसूळ, मुळं उथळ, त्यात बुंध्यापर्यंत काँक्रीट ओतलेलं. फांदी नाही पडली तरी झाडावर पडलेली वीज बाजूला उभ्या माणसावर उडी घेते. झाड हा आडोसा नव्हेच.

होर्डिंगही नाही. १७ एप्रिल २०२३ ला रावेतजवळ किवळ्याला वादळी वाऱ्यात होर्डिंग कोसळून पाच जण गेले. पावसापासून वाचायला म्हणून ते तिथल्या पंक्चरच्या टपरीशी थांबले होते. पुढच्याच वर्षी १३ मे ला घाटकोपरला पेट्रोल पंपावर होर्डिंग पडलं, सतरा माणसं गेली. दोन्हीकडे डोक्यावर छप्पर होतं. आपण पावसापासून आडोसा शोधतो आणि वाऱ्याला विसरतो, चूक होते ती इथे. म्हणून पत्र्याचा बसथांबा, टपरी, बांधकामाची परांची, मेट्रोच्या कामाला लावलेले पत्रे, सगळं बाद. महामार्गाखालचे बोगदेही बाद, तिथे पाणी बघता बघता गुडघ्याला लागतं.

चालतं ते पक्कं बांधकाम आणि त्याच्या आत: सोसायटीचा जिना, बँक, दवाखाना, किराणा दुकान. दार-खिडक्यांपासून जरा लांब उभं राहायचं. बंद काचांची मोटार किंवा पीएमपीची बसही चालते, रिक्षा नाही. बस मिळाली तर सायकल कुलूप लावून सोडा आणि चढा, उद्या परत घ्या.

माझा उपाय असा: एका कोरड्या रविवारी सगळा रस्ता सावकाश फिरले आणि दर किलोमीटर-दीड किलोमीटरला एक ठिकाण ठरवून ठेवलं. वादळात शोधाशोध करायला डोकं चालत नाही. वॉचमनशी ओळख आधीच करून ठेवा. 'काका, पाऊस उघडेपर्यंत जिन्यात थांबते, सायकल बाहेरच ठेवते' एवढं म्हटलं की आजवर मला कुणी हाकललेलं नाही. अडवते ती आपलीच भीड, आणि 'घर दोनच किलोमीटरवर आहे' हा मोह. माझ्या दोन्ही पडझडी त्या शेवटच्या दोन किलोमीटरमधल्याच.

उघड्यावरच सापडलात तर सायकल, खांब, कुंपण यांच्यापासून दूर व्हा, पाय जुळवून उकिडवे बसा. आडवं पडू नका. हा नाइलाज आहे, सोय नव्हे.

शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा. पाऊस थांबला म्हणजे वीज थांबली असं नसतं.

मग निघा, पण हळू. पहिल्या सरीने धूळ आणि तेलाचा राप होतो, झेब्रा पट्टे आणि चेंबरची झाकणं साबणासारखी होतात. रिम ब्रेक (चाकाच्या कडेला घासणारे) ओले असले की आधीपासून हलके दाबत राहा. तळ दिसत नाही त्या डबक्यात चाक घालू नका. तार लोंबत असेल तर सरळ मागे फिरा.

घरी पोचल्यावर चेन फडक्याने पुसून तेल सोडा. हे रात्रीच करा, सकाळपर्यंत ती तांबूस झालेली असते.