मिरजेहून जर्मनीला जाणाऱ्या परिचारिकांसाठी : मान्यतेच्या आधीचा काळ

सांगली-मिरज भागात नर्सिंग शिकणाऱ्या मुलींच्या बोलण्यात पूर्वी आखाती देशांची नावे असत. आता त्यांच्या जोडीला जर्मनीचे नाव ऐकू येते. 2024 मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याबाबत करार केला आणि त्यानंतर ही चर्चा तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचली. मी मूळची तासगाव तालुक्यातली आहे. माझे शिक्षण आणि पहिली नोकरी मिरजेत झाली आणि आता मी जर्मनीतील एका रुग्णालयात मान्यताप्राप्त परिचारिका म्हणून काम करते. गावाकडून फोन करणाऱ्या मुली बहुतेक दोन गोष्टी विचारतात, पगार किती आणि व्हिसाला किती दिवस लागतात. या दोन प्रश्नांच्या मधल्या एका मोठ्या टप्प्याबद्दल मात्र सहसा कुणी विचारत नाही. जर्मनीत विमानातून उतरल्यानंतरही तिथल्या कायद्याच्या दृष्टीने तुम्ही परिचारिका झालेल्या नसता. तुमच्या शिक्षणाला मान्यता मिळेपर्यंत तुम्ही साहाय्यक असता. स्थलांतराचा खरा कस याच काळात लागतो, म्हणून हे लेखन मुख्यतः त्याविषयी आहे.

जर्मनीत परिचारिका ही पदवी कायद्याने संरक्षित आहे. 1 जानेवारी 2020 पासून लागू असलेल्या परिचर्या कायद्यानुसार तिथल्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात 2100 तासांचे वर्गशिक्षण आणि 2500 तासांचे प्रत्यक्ष काम असते, आणि आपले जीएनएम (नर्सिंगची पदविका) किंवा बी.एस्सी. नर्सिंग याच मापाशी ताडून पाहिले जाते. ही तपासणी प्रत्येक राज्याचे स्वतंत्र कार्यालय करते, त्यामुळे दुसऱ्या राज्यात गेलेल्या मैत्रिणीचा अनुभव तुमच्या अर्जाला जसाच्या तसा लागू पडेल असे समजू नये. तुलना झाल्यावर जे पत्र येते त्यात बहुधा काही विषयांचे तास कमी पडत असल्याचे नमूद केलेले असते. वृद्धांची शुश्रूषा आणि रुग्णाच्या घरी जाऊन करायची शुश्रूषा हे विषय आपल्याकडच्या मुलींच्या पत्रांत अनेकदा दिसतात. ही उणीव भरून काढण्यासाठी एक तर ठरावीक मुदतीचे अनुकूलन प्रशिक्षण पूर्ण करावे लागते, नाही तर तोंडी आणि प्रात्यक्षिक अशा दोन भागांची परीक्षा द्यावी लागते. या परीक्षेतील नापास झालेला भाग एकदाच पुन्हा देता येतो. आता तपशीलवार तुलनेचा आग्रह सोडून थेट यांपैकी एक मार्ग निवडण्याची सोयही झाली आहे आणि ज्यांच्या कॉलेजकडून विषयवार तासांचा तपशील मिळणे अवघड आहे त्यांनी तिचा जरूर विचार करावा.

मान्यता हाती येईपर्यंत कामाची जबाबदारी आणि पगार दोन्ही साहाय्यकाचे असतात. मिरजेत अतिदक्षता विभाग सांभाळलेल्या, रात्री-अपरात्री डॉक्टर पोहोचण्याआधी रुग्णाला सावरलेल्या मुलीला सलाईनलाही हात लावायचा नाही असे सांगितले जाते, तेव्हा ते मनाला लागते. माझ्याबरोबर आलेल्या एका अनुभवी सिस्टरने याच कारणाने परतीचा विचार केला होता. हा काळ किती लांबेल हे कार्यालयाचा वेग, परीक्षेची तारीख आणि मुख्यतः तुमची भाषा यांवर ठरते. म्हणून घरून निघतानाच घरच्यांना स्पष्ट सांगून ठेवावे की पहिला बराच काळ पगार कमी असेल आणि कर्जाचा हप्ता त्याच हिशेबाने ठरवावा लागेल.

कामाच्या स्वरूपातला फरकही आधी समजून घ्यायला हवा. आपल्याकडे रुग्णाला अंघोळ घालणे, भरवणे, बेडपॅन देणे ही कामे नातेवाईक, आया किंवा मावशी करतात. इंजेक्शन, औषधे, आयव्ही आणि डॉक्टरांचा राऊंड ही सिस्टरची कामे मानली जातात. जर्मनीत अंगाची स्वच्छता, त्वचेची पाहणी आणि खाणेपिणे हा परिचारिकेच्या कामाचाच गाभा आहे आणि मान्यता मिळाल्यावरही तो सुटत नाही. सुरुवातीला मला एका वृद्ध रुग्णबाईंचे सकाळचे आवरून देण्याचे काम दिले होते. मी पडदा ओढला, कोमट पाणी घेतले आणि आपल्या सवयीने त्यांचे तोंड पुसायला हात पुढे केला, तेव्हा सोबतच्या ज्येष्ठ परिचारिकेने हळूच तो कपडा त्यांच्याच हातात दिला. त्यांचा उजवा हात पक्षाघाताने कमजोर झाला होता, डाव्या हाताने त्या सावकाश तोंड पुसत होत्या आणि आम्ही दोघी थांबलो होतो. नंतर त्या परिचारिकेने नोंदीत लिहिले की रुग्णाने चेहरा आणि छाती स्वतः पुसली, पाठ आणि पाय पुसायला मदत लागली. रुग्णाला जे जमते ते त्याला करू देणे आणि जे जमत नाही तेवढेच आपण करणे, ही तिथली शिकवण आहे. सगळे काही आपणच भराभर उरकणे म्हणजे चांगली सेवा, अशी आपली समजूत असते. तिथल्या प्रात्यक्षिक परीक्षेत नेमक्या त्याच गोष्टीसाठी गुण जातात. मला ही पद्धत मनापासून पटली आहे आणि आपल्या वॉर्डांतही ती यावी असे वाटते.

भाषेबद्दल अधिक विस्ताराने लिहिणे भाग आहे. मान्यतेसाठी साधारणपणे जर्मन भाषेचे बी-2 पातळीचे प्रमाणपत्र लागते; युरोपीय मोजणीत बी-1 ही त्याखालची पातळी आहे. काही संस्था बी-1 वर किंवा त्याहूनही आधी जर्मनीला नेतात आणि उरलेली भाषा तिथे शिकवण्याचे आश्वासन देतात, परंतु पाळ्यांची ड्यूटी करून संध्याकाळी वर्गाला बसणे फार जड जाते आणि साहाय्यकाचा काळ त्यामुळेच लांबतो. शक्य असेल तर बी-2 भारतातच पूर्ण करावे, असे माझे ठाम मत आहे, त्यासाठी निघायला सहा-आठ महिने उशीर झाला तरी चालेल. पुण्यातील मॅक्स म्युलर भवनात परीक्षा देता येते. तिथल्या जागा लवकर भरतात, म्हणून अभ्यास चालू असतानाच तारखांवर लक्ष ठेवावे. मिरजेत काम केलेल्या मुलींना या बाबतीत एक अनुभव आधीपासून असतो. अथणी, रायबाग, जमखंडी या भागांतून येणाऱ्या रुग्णांमुळे आमच्यातल्या कित्येकींनी वॉर्डातच कन्नड उचलली. मात्र तिथे अडले तर दुभाष्याचे काम करायला नातेवाईक खाटेशेजारी बसलेला असे. जर्मनीत रुग्ण बहुतेक वेळ एकटाच असतो, त्याची बोली पुस्तकातल्या जर्मनपेक्षा वेगळी असते, कवळी काढलेली असेल तर उच्चार आणखी अस्पष्ट होतात आणि दुखणे कुठे, कसे, कधीपासून हे त्याच्याच तोंडून समजून घ्यावे लागते. सर्वांत अवघड असतो तो टेलिफोन, कारण त्यात समोरच्याचा चेहरा आणि हातवारे दिसत नाहीत. पाळी बदलताना ओव्हर देणे (पुढच्या पाळीच्या सिस्टरला रुग्णांची माहिती सांगणे), प्रयोगशाळेला फोन करणे आणि रुग्णाच्या मुलीशी बोलणे, या तीन प्रसंगांची वाक्ये निघण्यापूर्वी मोठ्याने म्हणून पाठ करावीत.

कागदपत्रांचे काम कंटाळवाणे असले तरी ते मिरजेत असतानाच पुरे होते, जर्मनीतून ते करवून घेणे फार त्रासाचे ठरते. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी चालू असावी आणि तिथून वर्तणुकीचे, म्हणजे गुड स्टँडिंगचे, प्रमाणपत्र वेळेवर मागवावे. कॉलेजकडून विषयवार आणि विभागवार तासांचे पत्र घ्यावे. बालरोग, मानसोपचार, शस्त्रक्रिया या विभागांत प्रत्यक्ष किती तास काम केले ते त्यात आकड्यांत लिहिलेले असावे. काही ठिकाणी बॉण्डच्या, म्हणजे ठरावीक काळ तिथेच नोकरी करण्याच्या हमीच्या, नावाखाली मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवली जातात. माझ्या एका वर्गमैत्रिणीचे जाणे त्यामुळे लांबणीवर पडले, म्हणून ती आधी सोडवून घ्यावीत. यानंतर नावाचा प्रश्न येतो. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे नाव असते. पासपोर्टवर वडिलांचे नाव आपल्या नावाला जोडून येते. लग्नानंतर नाव बदलले असेल तर नोंदणीचे नाव एक आणि पासपोर्टचे दुसरे होते. जर्मन कार्यालयाला ही सारी नावे एकाच व्यक्तीची आहेत हे कागदानेच पटवावे लागते. विवाह नोंदणीचा दाखला, जन्माचा दाखला आणि गरज असल्यास प्रतिज्ञापत्र आधीच तयार ठेवावे. ग्रामपंचायतीच्या जुन्या जन्मनोंदीत बाळाचे नावच नसते असे अनेकींच्या बाबतीत आढळते, तर तेही वेळीच भरून घ्यावे.

मध्यस्थांविषयी थोडक्यात, पण कळकळीने सांगते. परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटाकडे 1983 च्या उत्प्रवास कायद्याखालील नोंदणी असावी लागते आणि ती ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर तपासता येते. नोंदणीकृत एजंटाला उमेदवाराकडून 30,000 रुपये आणि त्यावरील जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. जर्मनीत परिचारिकांच्या भरतीसाठी न्याय्य भरतीचे एक सरकारी गुणवत्ताचिन्ह आहे आणि ते मिळवणाऱ्या संस्थांनी भरतीचा खर्च मालकाने सोसावा, उमेदवाराने नव्हे, हे तत्त्व पाळायचे असते. द्राक्षबाग गहाण टाकून किंवा दागिने मोडून चार-पाच लाख मागणाऱ्याच्या हाती ठेवण्याची गरज नाही. सही करण्यापूर्वी करार भाषांतरित करून वाचावा आणि विशेषतः नोकरी लवकर सोडल्यास किती रक्कम परत करावी लागेल, साहाय्यक असतानाचा पगार किती आणि मान्यतेनंतरचा किती, परीक्षेत अपयश आल्यास काय होईल, ही कलमे शोधावीत. ती सापडत नसतील तर लेखी विचारावे.

पोहोचल्यावरची पहिली कामे क्रमाने उलगडत जातात. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत पत्त्याची नोंदणी करावी लागते आणि त्यासाठी घरमालकाचे सहीचे पत्र लागते. त्या नोंदणीनंतर कर क्रमांक टपालाने येतो. जर्मनीत कार्यालयांचा पुष्कळसा व्यवहार अजूनही टपालाने चालतो, त्यामुळे दारावरच्या पत्रपेटीवर आपले आडनाव पहिल्याच दिवशी चिकटवावे. पेटीवर नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो आणि मान्यतेच्या कार्यालयाने मागितलेल्या कागदाची मुदत तुम्हाला न कळताच उलटून जाते. भाड्याच्या घराची अनामत रक्कम गरम पाणी वगैरे खर्च वगळून असलेल्या मूळ भाड्याच्या तिप्पटीपेक्षा जास्त घेता येत नाही. अनेक घरांत स्वयंपाकाचा ओटासुद्धा नसतो, म्हणून पहिले वर्ष रुग्णालयाच्या वसतिगृहात काढता आले तर उत्तम. पगारपत्रकावरचा आकडा आणि खात्यात येणारी रक्कम यांत अविवाहित व्यक्तीच्या बाबतीत साधारण तीस टक्क्यांच्या आसपास फरक पडतो. आयकर, आरोग्यविमा, शुश्रूषा विमा, निवृत्तिवेतन आणि बेरोजगारी विमा यांची ती कपात असते. आरोग्यविम्याचा मूळ दर 14.6 टक्के असून त्यातला निम्मा मालक भरतो. रविवारी दुकाने बंद असतात, डिसेंबरमध्ये साडेचारच्या सुमारास अंधार पडतो. या गोष्टींची सवय होते.

लहान मूल असेल तर त्याला बरोबर केव्हा न्यायचे, याचा निर्णय मान्यतेवर सोपवावा असे मी सुचवेन. जर्मनीत एक वर्ष पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाला पाळणाघरात जागा मिळण्याचा कायदेशीर हक्क 2013 पासून आहे, तरी प्रत्यक्षात जागा अपुऱ्या आहेत आणि सकाळची ड्यूटी सहाच्या सुमारास सुरू होते, त्या वेळी बहुतेक पाळणाघरे उघडलेली नसतात. परीक्षेची तयारी, पाळ्या आणि नवीन भाषेत गोंधळलेले मूल हे सारे एकट्या बाईने एका वेळी पेलणे कठीण आहे. कायमस्वरूपी वास्तव्याच्या परवान्याचे गणितही मान्यतेशीच जोडलेले आहे. कुशल कर्मचाऱ्याच्या परवान्यावर तीन वर्षे काढल्यावर तो मागता येतो आणि ही तीन वर्षे साहाय्यक म्हणून काढलेल्या काळापासून नव्हे, तर मान्यतेनंतर कुशल परवाना मिळाल्यापासून मोजली जातात. नागरिकत्वासाठी सामान्यतः पाच वर्षांचे वास्तव्य लागते. जर्मनी आता दुहेरी नागरिकत्व मान्य करते, परंतु भारत करत नाही, त्यामुळे तो निर्णय घरच्यांशी बोलून सावकाश घ्यावा.

गावाकडच्या व्यवहारांची सोयही निघण्यापूर्वी लावावी. अनिवासी झाल्यावर इथले साधे बचत खाते एनआरओ खात्यात बदलावे लागते आणि तिकडचा पगार इकडे ठेवण्यासाठी एनआरई खाते उघडता येते, ज्यावरील व्याजाला भारतात कर नाही. अनिवासी भारतीयाला शेतजमीन विकत घेता येत नाही, पण वारसाने आलेली ठेवता येते. सातबाऱ्यावर वारसनोंद बाकी असेल तर गावात असतानाच तलाठ्याकडे अर्ज द्यावा. आईवडिलांच्या किंवा भावाच्या नावे कुलमुखत्यारपत्र करायचे असेल तर तेही दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जाऊन आधीच नोंदवून घ्यावे. जर्मनीतून ते करायचे झाल्यास बर्लिनचा दूतावास किंवा फ्रँकफर्ट, हॅम्बुर्ग, म्युनिक येथील वाणिज्य दूतावास गाठावा लागतो, त्यासाठी ड्यूटीची रजा जुळवावी लागते आणि तो कागद महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते.