कायदा केंद्राचा की राज्याचा, हे कसे तपासावे

एखाद्या विषयावर कायदा करण्याचा अधिकार संसदेला आहे की विधानमंडळाला, हे पाहायचे असेल तर आधी राज्यघटनेची सातवी अनुसूची उघडावी. तिच्यात विषयांच्या तीन सूची आहेत: संघसूची (केंद्राचे विषय), राज्यसूची (राज्यांचे) आणि समवर्ती सूची (दोघांचेही). पोलीस हा विषय राज्यसूचीत दुसऱ्याच नोंदीत सापडतो. शिक्षण मात्र १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने समवर्ती सूचीत गेले, त्यामुळे जुन्या पुस्तकावर विसंबू नये. तिन्ही सूचींत विषय नसेल, तर अनुच्छेद २४८ नुसार तो संसदेचा.

खरी कसोटी दोन सूचींच्या सीमेवर लागते. मुंबई राज्याच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्याने केंद्राच्या अखत्यारीतील आयातीवर अतिक्रमण होते, असा आक्षेप होता. सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये तो फेटाळला, कारण कायद्याचा गाभा मादक पेयांचे नियमन हा होता आणि आयातीवरील परिणाम आनुषंगिक होता. म्हणून कायद्याच्या नावावर जाऊ नये, तो मुख्यतः काय करतो ते कलमे वाचून ठरवावे.

समवर्ती विषयात दोन्ही कायदे परस्परविरोधी असतील, तर अनुच्छेद २५४ नुसार सामान्यतः केंद्राचा कायदा टिकतो. राज्याच्या कायद्याला राष्ट्रपतींची अनुमती मिळाली असल्यास त्या राज्यापुरता तो वरचढ ठरतो, पण संसद नंतर तोही बदलू शकते.