‘कट्टर’, ‘निस्सीम’ की ‘धर्मांध’: नेमका शब्द कसा निवडावा

पराकोटीच्या भक्तीसाठी मराठीत शब्द पुष्कळ आहेत आणि म्हणूनच त्यांची सरमिसळही पुष्कळ होते. शब्द निवडताना पहिली कसोटी अशी लावावी, की माणूस तो स्वतःविषयी वापरेल का. ‘मी कट्टर पुणेकर’ असे अभिमानाने सांगणारी माणसे सदाशिव पेठेपासून कोथरूडपर्यंत भेटतात. ‘मी धर्मांध आहे’ असे सांगणारा कोणी भेटत नाही. ‘कट्टर’ निष्ठेची तीव्रता सांगतो, तर ‘धर्मांध’ आणि ‘अंधभक्त’ त्या निष्ठेवर निवाडा देतात, आणि निवाडा द्यायचा तर त्याला आधार असलेली कृती तिथेच सांगणे लिहिणाऱ्यावर बंधनकारक ठरते.

‘कट्टर’ दोन्ही बाजूंना चालतो: कट्टर समर्थक, कट्टर विरोधक, कट्टर वैरी. लिंग-वचनानुसार त्याचे रूप बदलत नाही. ‘कडवा’ मात्र बदलतो (कडवी कार्यकर्ती, कडव्या अनुयायांनी) आणि त्यात कडवटपणाची छटा असल्यामुळे जिथे निष्ठेबरोबर संघर्षही आहे तिथेच तो शोभतो. ‘निस्सीम’ म्हणजे ज्याला सीमा नाही असा. परंतु वापरात तो चांगल्या भावनेलाच लागतो, त्यामुळे ‘निस्सीम भक्त’ सहज वाटते आणि ‘निस्सीम द्वेष’ कानाला खटकते.

भक्ती टोकाची असली म्हणजे ती आंधळी असतेच असे नाही, हे पुण्यात दरवर्षी दिसते. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी भवानी पेठेतील पालखी विठोबा मंदिरात आणि तुकाराम महाराजांची नाना पेठेतील निवडुंग्या विठोबा मंदिरात मुक्कामी असते, तेव्हा डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन पंढरपूरपर्यंत पायी निघालेली वारकरी स्त्री अनोळखी माणसालाही ‘माउली’ म्हणते आणि त्याच्या पाया पडते. तिची भक्ती पराकोटीची आहे, पण तीत दुसऱ्याला जागा आहे; म्हणून तिच्यासाठी ‘निस्सीम’ किंवा ‘अनन्य’ हेच शब्द योग्य होत. ही जागा जिथे संपते, प्रश्न विचारणाराच जिथे शत्रू ठरतो, तिथून ‘अंध’ घटक असलेल्या शब्दांचे क्षेत्र सुरू होते.

त्यांतही भेद पाळावा. ‘धर्मांध’ हा तृतीया तत्पुरुष आहे: धर्माने अंध झालेला. निष्ठेचा विषय धर्म असेल तरच तो वापरावा. नेता, अभिनेता किंवा खेळाडू असेल तर ‘अंधभक्ती’ किंवा ‘व्यक्तिपूजा’, आणि पक्ष असेल तर ‘पक्षाभिनिवेश’ हा जुना, नेमका शब्द हाताशी आहे. ‘अंधश्रद्धा’ याहून निराळी. डॉ. नरेंद्र दाभोलकर, ज्यांची 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यातच हत्या झाली, आयुष्यभर जिच्याविरुद्ध झगडले ती अंधश्रद्धा म्हणजे न तपासता धरलेली समजूत. ती एकट्या माणसाच्या घरातही असू शकते आणि तिला कोणी आराध्य लागतेच असे नाही. एखादी गृहिणी दृष्ट काढते म्हणून तिला ‘धर्मांध’ म्हणणे हा भाषेचाही अन्याय आहे आणि तिच्यावरचाही.

विशेषण शक्यतो समूहाला न लावता कृतीला लावावे. ‘धर्मांध समाजाने विरोध केला’ या वाक्यात विरोध न केलेली माणसेही भरडली जातात. त्याऐवजी ‘व्याख्यान सुरू होताच काही तरुणांनी धर्मांध घोषणा देत ते बंद पाडले’ असे लिहिले, की वाचकाला काय घडले तेही कळते आणि विशेषण का आले तेही. बातम्यांतला ‘माथेफिरू’ मात्र या कामी अजिबात घेऊ नये, कारण जे विचारपूर्वक, संघटितपणे आणि थंड डोक्याने केले जाते त्याला तो वेडाचे नाव देतो आणि करणाऱ्याची जबाबदारी पुसून टाकतो.